चाकं भिजत घातली आहेत

ज्या आठवड्यात कॅम्पच्या साहेबाने माझ्या मुलाचा ट्रॅक्टर मागितला, त्याच आठवड्यात आमच्या तलावातून ती चाकं निघाली. आधी ट्रॅक्टरचं सांगते, कारण जीव त्यात अडकला होता.

आमचं गाव आरमोरीच्या बाजाराचं. बाजारापासून आत यायला लागलं की धानाच्या बांध्या विरळ होत जातात आणि जंगल सुरू होतं. आम्ही त्या शिवेवर. नाल्यापलीकडे गोंडांचं गाव, त्याच्या पुढे डोंगर. त्या डोंगरात पोलीस आणि बंदूकवाले दादालोक यांची लढाई माझ्या ऐन वयात सुरू झाली आणि माझे दात पडले तरी संपली नव्हती. आता संपत आली म्हणतात. संपत आली म्हणूनच आमच्या गावाजवळचा पोलिसांचा कॅम्प आणखी आत न्यायचं ठरलं. तिकडे पत्रे, सळाखी, सिमेंट न्यायचं होतं, तेही पावसाच्या आधी. रस्ता असा की मोठा ट्रक नाल्यात फसतो. ट्रॅक्टर-ट्रॉली जाते.

शेजारच्या गावातल्या एका माणसाचा ट्रॅक्टर मागच्या साली असाच सामान घेऊन गेला होता. त्याचा सांगाडा अजून रस्त्याच्या कडेला उभा आहे, टायर जळून गेलेला. माणूस पायी चालत घरी आला. दादालोकांनी त्याला काय दाखवलं, काय ऐकवलं, ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. आता तो कोंबड्यांचा धंदा करतो आणि मोठा आवाज झाला की खाटेखाली बघतो.

आमच्या घरात चाक असलेली पहिली वस्तू माझ्या नवऱ्याची सायकल आणि दुसरी हा ट्रॅक्टर. मध्ये काही नाही. आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांनी दीक्षा घेतली तेव्हा त्यांच्याकडे दुसऱ्याच्या बंड्या हाकायचं काम होतं. बंडी म्हणजे बैलगाडी. स्वतःची बंडी घराण्यात कोणाची कधी नव्हती. त्यामुळे मुलाने ट्रॅक्टर अंगणात आणला तेव्हा मी त्याला ओवाळलं वगैरे नाही, पण रोज सकाळी त्याच्यावरची कोंबड्यांची घाण मी स्वतः पुसते. दुसऱ्या कोणाला पुसू देत नाही.

त्या वैशाखात तलावाचा गाळ काढायचं काम निघालं. अर्धा तलाव आटलेला होता, अर्ध्यात, पाळीच्या म्हणजे बांधाच्या बाजूला, पाणी होतं. जेसीबी गाळ काढून देई आणि गावातले ट्रॅक्टर तो शेतात नेऊन टाकत. मी मुलाचा डबा घेऊन गेले होते आणि पाळीवर मोहाच्या झाडाखाली बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत होते. जेसीबीचा माणूस राजुऱ्याकडचा, कोळशाच्या खाणीत मशीन चालवून आलेला. दिवसभर मोबाईलवर गाणी लावायचा. एकदम मशीन बंद झालं, गाणं चालू राहिलं. मग त्याने गाणंही बंद केलं.

"अरे भाऊ," तो वरूनच ओरडला, "खाली लाकूड हाये. गोल लाकूड!"

तो उतरला. माझा मुलगा आणि आणखी दोघं-चौघं गाळात उतरले आणि फावडी टाकून हातांनीच माती काढू लागले. मी पाळीवरून बघत होते. आधी मला एक काळी कड दिसली, वाकलेली. मग तिच्या आतून एक आरा निघाला, मग दुसरा. मग एवढा मोठा तुंबा, चाकाच्या मधला गोळा, की माझ्या मुलाला त्याला कवेत घेता आलं नाही. एका चाकाखाली दुसरं होतं, दुसऱ्याखाली तिसरं. ताटं घासून एकावर एक रचून ठेवावीत तशी ती ठेवलेली होती. कोणी फेकलेली नव्हती. ठेवलेली होती.

लोखंडाची धाव गंजून भुगा झाली होती, हात लावला की गळून पडे. लाकडाला मात्र काही झालं नव्हतं. सागवान. काळं पडलेलं, तव्यासारखं, पण आऱ्यांवर वासल्याचे घाव जसेच्या तसे. सुताराने कुठे हात जोरात मारला आणि कुठे हळू, तेही दिसत होतं. पहिलं चाक उभं केलं तेव्हा ते माझ्या मुलाच्या खांद्याला लागलं. कोणीतरी बोटाने खरवडलं तर आतून ताज्या लाकडाचा वास आला. तो वास पाळीपर्यंत आला. मी माझ्या उभ्या आयुष्यात पुष्कळ गोष्टी बघितल्या आहेत, माणूस वाघाने नेलेला बघितला आहे, पण तसं काही बघितलं नव्हतं.

गाळातली माणसं चपला काढून उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. मी चपला काढल्या नाहीत, पण उठून उभी राहिले आणि तोंडातला खर्रा थुंकला.

कारण ही चाकं कोणाची ते मला माहीत होतं. माझी सासू दर वैशाखात सांगायची आणि मी दर वैशाखात मनात म्हणायचे, बुढी फेकून राहिली.

तिचं सांगणं असं होतं. आपण इथले नाही. आपले लोक वैनगंगेच्या पलीकडून आले. इंग्रजाने त्यांना इथे बसवलं. जंगल तोडा, तलाव बांधा, धान पिकवा, सारा भरा, बाकी सगळं सरकार बघेल. तेव्हा लोकांना वाटे, सरकार आपलं आहे. जंगलातल्यांची भीती वाटली की सरकारकडे बघायचं. पाटलाकडे बंड्या होत्या, त्या हाकायला आपली माणसं होती. सगळे मिळून आले, पण सगळे सारखे नव्हते, हे सासू दरवेळी न चुकता म्हणायची.

मग डोंगरातल्या जमीनदारांनी इंग्रजाविरुद्ध हत्यार काढलं. फौज आली. फौजेचा साहेब वाईट नव्हता म्हणे, घोड्यावरून उतरून बोलायचा. त्याने सामान न्यायला बंड्या मागितल्या. पाटलाने दिल्या. का नाही देणार, सरकार आपलंच. बंड्या गेल्या, थोड्या परत आल्या. परत आलेल्या गाडीवानांनी सांगितलं की बंड्यांत चढवलेल्या पिप्यांत काय होतं. तेल होतं. त्या तेलाने नाल्यापलीकडचं गाव जाळलं. ज्या गावाला आपण मीठ द्यायचो आणि मध घ्यायचो, ते गाव. आपल्याच बंड्यांतून गेलेल्या तेलाने.

साहेबाने दुसऱ्यांदा बंड्या मागितल्या तेव्हा गावाने चाकं काढून तलावात बुडवली. सासूच्या म्हणण्याप्रमाणे ही युक्ती आमच्याच घरातल्या एका बाईची. पाटलाच्या घरात विचाराल तर ती पाटलाची. उन्हाळ्याचे दिवस होते. उन्हात लाकूड वाळतं, आरे खिळखिळे होतात, धाव निसटते. पाण्यात ठेवलं की लाकूड फुगतं आणि सगळं घट्ट बसतं. हे सगळेच शेतकरी करतात. साहेब आला तर बंड्या पोटावर बसलेल्या. "चाकं कुठी हायेत?" "साहेब, भिजत घातली." खोटं म्हणायलाही जागा नव्हती. पण साहेब मूर्ख नव्हता. त्याने पाळ कापायला लावली. पाणी वाहून गेलं, वरचा गाळ सरकला आणि चाकं त्याखाली गेली. शिपायांनी भाले खुपसून बघितलं. सापडली नाहीत. साहेबालाही नाही आणि पुढे गावालाही नाही. त्या साली धान झालं नाही. निम्मं गाव वैनगंगेपलीकडे परत गेलं. उरले ते आम्ही. त्यानंतर या गावात कोणी सरकार आपलं असं म्हटलं नाही.

पाळ कापल्याची जागा अजून दिसते. तिथली माती लाल आहे, बाकी काळी. मला ती जागा लग्न होऊन आले तेव्हाच दाखवली होती. मी म्हटलं होतं, माती लाल असते कुठे कुठे.

आणि एक रीत राहिली. वैशाखात एक दिवस सगळं गाव चाकं भिजत घालतं. दुसऱ्या गावांत ज्याची त्याची सोय, आमच्याकडे सगळ्यांची एकाच दिवशी, आणि त्या दिवशी गावात एकही चाक फिरायचं नाही. लाकडी बंड्या गेल्या तरी हे गेलं नाही. माझा नवरा सायकलचं चाक काढून बुडवून आणायचा. आताची पोरं मोटारसायकल धुतात, तिथेच फोटो काढतात. दिवस ठरलेला नाही. कोणत्या तिथीला नाही, कोणत्या वाराला नाही. गावात जे सगळ्यात म्हातारं माणूस असेल त्याने म्हणायचं, उद्या. आदल्या साली माझ्यापेक्षा मोठी एक पाटलीण वारली आणि हे काम माझ्याकडे आलं. गाळाच्या गडबडीत मी अजून दिवस सांगितला नव्हता.

दुपारी कॅम्पचा साहेब चाकं बघायला आला. साताऱ्याकडचा, तरुण, माझ्या नातवाहून फार मोठा नसेल. चांगला होता. येता-जाता आमच्या ओट्यावर चहा प्यायचा, माझ्या गुडघ्याची चौकशी करायचा. कॅम्पात डॉक्टरची गाडी आली की मला निरोप पाठवायचा. त्याने चाकं बघितली आणि टोपी काढली. आऱ्यावरून हात फिरवला, मग तो हात नाकाशी नेला.

"आजी, हे किती जुनं असेल हो?"

मी त्याला सासूचं सगळं सांगितलं. तेल, पाळ, चाकं भिजवायची रीत, सगळं. तो चाकाच्या शेजारी गाळातच बसून ऐकत होता. लाल मातीची जागा दाखवा म्हणाला, दाखवली. त्याच्या अंगावर काटा आला, तो त्याने मला दाखवला, असा बाही वर करून.

मग उठला, पँट झटकली आणि माझ्या मुलाकडे वळला. "दादा, परवा सकाळी गावातल्या सगळ्या ट्रॉल्या लागतील. सामान आत न्यायचंय. भाडं मिळेल, पुढे-मागे आमची माणसं असतील. घाबरायचं नाही."

माझ्या मुलाच्या हातात अजून चाकाचा गाळ होता. तो "बरं" म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

मला हसू आलं आणि भीतीही वाटली. साहेबाने आत्ताच सगळं ऐकलं होतं, काटा आला होता, आणि तरी तो तेच मागत होता. त्याला ते दिसलंच नाही. तो चाकाला टेकून उभा होता.

घरी आल्यावर मुलगा जेवला नाही. ओट्यावर बसून राहिला.

"काऊन रे, भात थंडा होऊन राह्यला."

"नाई पाह्यजे."

"जाशील का परवा?"

"नाई म्हटलं तं त्यायच्या नजरेत येतो, आई. गेलो तं दुसऱ्यायच्या. माह्यासाठी तिसरा रस्ता हाये का कुठी?"

"ट्रॅक्टर बिघडला म्हण."

"सगळ्या गावाचा एकाच दिवशी बिघडते का? साहेब काही येडा नाई."

पोरगं बरोबर बोलत होतं. त्याच्या मागे त्याची बायको दारात उभी होती, ती आत निघून गेली आणि भांडी जोरात आपटू लागली. त्या जळलेल्या ट्रॅक्टरवाल्याची बायको तिची मैत्रीण.

दुसऱ्या दिवशी नाल्यापलीकडचे लोक चाकं बघायला आले. बातमी जंगलात फार लवकर जाते. त्यांच्यात एक म्हातारा गोंड होता, माझ्या वयाचा किंवा मोठा, काठी टेकत आलेला. आमची तोंडओळख होती. मोहफुलांच्या दिवसांत बाजारात भेट व्हायची. तो कोणाशी न बोलता चाकांभोवती एक फेरी मारून आला. मग खाली बसला आणि तुंब्याच्या भोकात, जिथे आस जातो तिथे, पूर्ण मूठ घातली आणि तशीच ठेवली. बराच वेळ. त्याच्याबरोबरची पोरं मोबाईल काढून उभी होती, त्यांनीही फोटो काढला नाही.

"बाई," तो मला म्हणाला, "थे हेच हायेत नं? न आलेल्या बंड्या?"

"न आलेल्या म्हंजे?"

"आमच्याइथी सांगतेत. पह्यल्या वेळी बंड्या आल्या, गाव जळलं. लोकं डोंगरात पळाले. दुसऱ्या वेळी फौज डोंगराखाली बंड्यायची वाट पाहात बसली. दाणा नाई, बंदुकीची दारू नाई, वर कशी चढन? बंड्या आल्याच नाई. तेवढ्यात आमचे लोकं मागच्या अंगानं उतरून पार तिकडे नदीपल्याड गेले. माह्या बापाचा आजा तवा पाठीशी बांधलेला होता."

मी त्याच्याजवळ सरकले.

"कोणाच्या बंड्या, काऊन नाई आल्या, हे आमच्यात कोणाले नाई माहीत," तो म्हणाला. "आमी म्हणो, जंगलानं अडवल्या."

"जंगलानं कायले अडवते. आमी चाकं भिजू घातली होती."

तो हसला. तोंडात एक दात. मग हसणं थांबलं आणि त्याने दुसरा हातही चाकावर ठेवला.

मी भावनेची बाई नाही. नवरा गेला तेव्हाही मी चारचौघींसारखं ओरडले नाही, लोकांनी नावं ठेवली. पण त्या दिवशी मी वाकून त्या चाकाला हात लावला. आमच्या लोकांना वाटत होतं, आपण फक्त आपल्या अंगावरचं टाळलं, आणि त्यापायी साल गेलं, धान गेलं, निम्मं गाव गेलं. मरेपर्यंत त्यांना तेवढंच माहीत होतं. नाल्याच्या पलीकडे अख्खं गाव त्यामुळे जिवंत राहिलं हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. आणि तिकडच्यांना माहीत नव्हतं की कोणी केलं. अर्धी गोष्ट या काठाला, अर्धी त्या काठाला, आणि मध्ये एवढासा नाला, गुडघाभर पाण्याचा. इतकी वर्षं आम्ही बाजारात एकमेकांना मोहफुलं विकत होतो.

म्हातारा गेल्यावर मी तिथेच बसले. चाकांकडे बघता बघता मला एक गोष्ट उलगडली. दिवस ठरलेला का नाही, हे मी सासूला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, नाई म्हंजे नाई. तिलाही माहीत नसेल. पण साहेब काही तिथी बघून बंड्या मागायला येत नाही. ज्या माणसांनी ही रीत लावली त्यांना ठाऊक होतं की साहेब पुन्हा येईल. कधी येईल ते ठाऊक नव्हतं. म्हणून त्यांनी दिवस मोकळा ठेवला. शाळा न शिकलेली माणसं, पोटात अन्न नाही, आणि त्यांनी आमच्यासाठी एक दिवस राखून ठेवला होता.

संध्याकाळी मी मुलाला म्हटलं, "गावाले सांग. उद्या चाकं."

तो पाणी पीत होता, ठसका लागला. "आई, उद्या? उद्या तं ट्रॉल्या..."

"म्हणूनच."

"रबराचं चाक कोण भिजू घालते? साहेब हसन."

"तुझा बाप सायकलचं चाक भिजवे, तवा कोणी हसलं का?"

"सगळे हसत."

"मंग हसू दे. हसण्यानं ट्रॅक्टर नाई जळत."

त्याने गावाच्या मोबाईल ग्रुपवर टाकलं. थोड्या वेळाने आताच्या पाटलाचा नातू आमच्या दारात आला, तोही ट्रॅक्टरवाला. "बाई, कॅम्पाशी वैर घेऊ नका. पुढं आपल्यालेच महाग पडन."

"तुझ्या घरात सांगतेत नं, युक्ती पाटलाची होती म्हणून?"

"हो, आमचीच होती."

"मंग कर सिद्ध."

तो शिवी गिळून गेला. सकाळी जॅक घेऊन सगळ्यात आधी तोच हजर होता.

सगळ्या ट्रॉल्या पाळीखाली आणून दगडांवर टेकवल्या आणि चाकं काढली. बायका, पोरं, सगळ्यांनी मिळून ती ढकलत पाळीवर नेली आणि एकेक करून पाण्यात सोडली. आणि इथे आमचा मूर्खपणा झाला. ही गोष्ट एवढ्या लोकांपैकी एकाच्याही डोक्यात आली नव्हती. चाकं बुडली नाहीत. आत हवा भरलेली, ती कशी बुडतील! ढप करून पाण्यात पडली आणि म्हशींसारखी वर आली. वारा होता. एकेक करून ती डुलत डुलत पाण्याच्या मध्यावर जाऊन जमा झाली. मग पाटलाचा नातू म्हणाला, "झालं. लपवली आपण चाकं." आणि लोक असे हसले की काही बायका खाली बसल्या.

साहेब आला तेव्हा आम्ही हसतच होतो. जीपमधून उतरला. पोटावर बसलेल्या ट्रॉल्या बघितल्या. पाळीवर चढला. पाण्यातली चाकं बघितली. त्याच्या मागे बंदूक घेतलेले जवान होते, त्यांतला एक हसू दाबत होता.

"आजी, हे काय?"

"चाकं भिजत घातली, साहेब."

"रबराची?"

"आमच्या गावची रीत हाये. तुमाले सांगितली मी परवा. आज एकही चाक फिरत नाई."

"आणि उद्या?"

"दिवस मी सांगतो. सरला का नाई, तेही मीच सांगतो."

त्याचा चेहरा बदलला. पहिल्यांदा त्याला दिसलं, असं मला वाटलं. तो माझ्याकडे बघेना, गाळातून काढून ठेवलेल्या त्या काळ्या चाकांकडे बघू लागला. मग पाळीवरून चालत चालत लाल मातीच्या जागेपाशी गेला आणि थांबला. टोपी काढली, बुटाने माती दाबली. त्याच्याकडे माणसं होती, दोर होते. चाकं कुठे लपलेली नव्हती, समोर तरंगत होती. तासाभरात ओढून काढता आली असती. गावात कोणी आडवं पडलं नसतं. माझा मुलगा माझ्याजवळ उभा होता.

साहेब तिथूनच म्हणाला, "त्या साहेबाचं पुढे काय झालं, आजी?"

"आमाले नाई माहीत. त्याचं कोणी सांगत नाई."

मग त्याने टोपी घातली, तो पाळ उतरला, आणि जाताना माझ्या मुलाला एवढंच म्हणाला, "दादा, हे बरं नाही केलं." आवाजात राग कमी होता. दुखावल्यासारखा होता.

त्याची किंमत पडली, ते लपवत नाही. मुलाला ठाण्यात बोलावून दिवसभर बसवलं आणि सोडलं. कॅम्पाची माणसं आमच्या ओट्यावर चहाला यायची थांबली. डॉक्टरची गाडी आली की मला निरोप येत नाही, मी गडचिरोलीला एसटीने जाते. जंगलातून दादालोकांचाही एका माणसाच्या तोंडी निरोप आला, गावाला शाबास म्हणून. माझ्या मुलाने त्या माणसाला अंगणातून हाकललं. "तुमच्यासाठी नाई केलं," म्हणाला. नंतर रस्त्यावर मुरूम पडला आणि सामान सरकारी ट्रकांनी गेलं. कॅम्प आत गेला. साहेबाची बदली झाली. जाण्याआधी तो एकदा एकटाच तलावावर येऊन गेला असं लोक सांगतात. मी बघितलं नाही.

दिवस सरला असं मी सांगितल्यावर टायर बाहेर काढायला मात्र दोर बांधून अख्खा दिवस गेला.

जुन्या चाकांचं असं झालं. गडचिरोलीहून दोन माणसं आली, चाकं मोजली, फोटो काढले, नेतो म्हणाली. पण तोवर उन्हाने आऱ्यांना भेगा पडायला लागल्या होत्या. रोज एक नवी भेग, आवाज यायचा, टक् करून. इतकी वर्षं पाण्याखाली जे टिकलं ते चार दिवसांच्या हवेत फुटत होतं. मी म्हटलं, पाण्यात ठेवा, नेणाऱ्यांना न्यायचं तेव्हा नेतील. नाल्यापलीकडचा म्हातारा आपली पोरं घेऊन आला. तिकडची पोरं आणि इकडची पोरं, सगळ्यांनी मिळून चाकं खोल बाजूला नेली. यावेळी कोणी हसलं नाही. चाकं पाण्याला टेकली आणि सरळ खाली गेली. बुडबुडाही आला नाही. पाणी जुळलं आणि वर पुन्हा आभाळ दिसू लागलं.

ट्रॅक्टर अंगणात उभा आहे. रोज सकाळी मी तो पुसते. परवा पुसताना मुलगा म्हणाला, "आई, बाकी सगळ्या चाकायचा दिवस सरला म्हणून तू सांगितलं. त्या बुडवलेल्यायचा कधी सरते?"

"मले काय विचारतं," मी म्हटलं. "माह्यानंतर जी बुढी राहीन, तिले विचार."